‘आठ स्वभाव’वाल्या मेसेजला एका मेडिकलवाल्याचं उत्तर

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला. ‘डिप्रेशन व बायपोलर माणसाचे ८ स्वभाव : वेळीच ओळखा, सावध राहा, पुढे पाठवा.’ वर दोन लाल दिवे, खाली जोडलेले हात. पाठवणारे आमचे मामा. सकाळी सहाला सुविचार, सातला गुळवेलाचा काढा आणि आठला असलं काहीतरी, हा त्यांचा रोजचा रतीब आहे. मी नेहमीसारखा वर सरकवला आणि दुकानाचं शटर उघडायला गेलो. चूक झाली. त्याच ग्रुपात माझी धाकटी बहीण आहे. तिला बायपोलर आहे, म्हणजे कधी उधळलेला तर कधी खोल उदासीचा काळ येणारा आजार, आणि मामांना ते नऊ वर्षांपासून माहीत आहे.

मेसेज लांबलचक होता, मी त्यातलं पाल्हाळ काढून सांगतो. एक, डिप्रेशन आळशी आणि कच्च्या मनाच्या माणसाला होतं, कष्टाळूला होत नाही. दोन, बायपोलर माणूस दुतोंडी, सकाळी एक बोलतो आणि संध्याकाळी दुसरं. तीन, हे लोक जन्मजात कलाकार असतात. चार, हे कधीही अंगावर येतात. पाच, गोळ्यांनी माणसाचा मूळ स्वभाव मरतो, गोळ्या सोडल्या की तो परत येतो. सहा, हे रक्तातून उतरतं, अशा घरात सोयरीक करू नये. सात, लग्न लावून दिलं की स्वभाव आपोआप सुधारतो. आठ, अमावास्या-पौर्णिमेला जपावं.

सहा आणि सात शेजारीशेजारी आहेत, हे ज्यानं लिहिलं त्याच्याही लक्षात आलेलं दिसत नाही. सोयरीक करू नका, पण लग्न लावून द्या. कोणाशी, ते बहुतेक नवव्या मुद्द्यात असेल.

परभणी जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. मी डॉक्टर नाही, पण वीस वर्षं याच गोळ्या काउंटरवरून देतोय, आणि कोण कधी घ्यायला आलं नाही हे मला डॉक्टरांच्या आधी कळतं. म्हणून पाचव्यापासूनच सुरुवात करतो. बाकीच्या मुद्द्यांनी माणसाचं नाव खराब होतं, पाचव्यानं माणूस जातो.

बहिणीला दिवसाला दोन लिथियम. महिन्याच्या सहा स्ट्रिपा, दर चार तारखेला घेऊन जाते. या वेळी चार तारीख गेली, आठ गेली. लग्नसराई आहे, गडबडीत असेल, असं मी धरून चाललो. पंधराला तिच्या सासूबाई दुकानात अमृतांजन घ्यायला आल्या आणि कौतुकानं सांगू लागल्या, “तुमच्या बहिणीचा हुरूप बघा हो औंदा. रात्री तीनला उठून कुरडयाची तयारी करायलीय. आख्ख्या गल्लीच्या कुरडया मीच करते म्हणली.”

मी दुकान पोराच्या हवाली करून तिकडे गेलो. दारातच आंबूस वास. ओट्यावर, न्हाणीत, जिन्याखाली जिथं जागा असेल तिथं गहू भिजत घातलेले. पातेली, घंगाळं, बादल्या, आणि सगळं भरून उरले म्हणून कूलरची टाकी रिकामी करून तिच्यात. चाळीस किलो गहू, घरात माणसं चार. आमच्याकडे नळ आठव्या दिवशी येतो. कुरडईच्या गव्हाचं पाणी रोज बदलावं लागतं, तर तिनं तीन दिवसांत घरातला सगळा साठा संपवून टँकर मागवला होता. ती सोऱ्या घासत होती, एकीकडे फोन खांद्याला लावून कोणालातरी पापडाच्या गृहउद्योगाचं कर्ज समजावून सांगत होती. डोळे तांबारलेले. हसून म्हणाली, “दादा, बरं झालं आलास, तुलाबी भागीदार करते.”

कपाटात गोळ्या जशाच्या तशा. मोजल्या. अकरा दिवस बंद.

का, ते नंतर कळलं. मेसेज वाचून तिला वाटलं होतं, हे माझ्याबद्दलच लिहिलंय. “गोळ्यानं मी पार लाकूड झालेय दादा. बघावं म्हणलं, मी खरी कशी हाय ते.”

हे वाक्य मला त्या आंबलेल्या वासापेक्षा जास्त लागलं. कारण ती खरी कशी आहे हे मला विचारा ना. कोथिंबिरीच्या जुडीवर पाच मिनिटं घासाघीस करणारी, निवडलेले गहू पुन्हा निवडणारी, पाहुण्यांत बसली तर तासाभरात चार वाक्यं बोलणारी. चाळीस किलो गहू भिजवून कर्जाचे हप्ते मांडणारी बाई हा तिचा मूळ स्वभाव नव्हे, तो आजार आहे. गोळ्या थांबल्यावर जे वर आलं त्याला मेसेजवाला ‘खरी तू’ म्हणतो. गल्लीनं त्याला हुरूप म्हटलं. बाईमाणूस रात्री तीनला उठून कामाला लागली की आपल्याकडे कोणाला त्यात आजार दिसत नाही, तिला सुगरण म्हणतात. रात्री तीनला रडत बसली असती तर येरवड्याची भाषा झाली असती.

आता लिथियमबद्दल. हे झोपेचं औषध नाही, नशेचं नाही. दगडातून, खाऱ्या पाण्यातून मिळणारं एक मूलद्रव्य आहे, त्याचा क्षार गोळीत असतो. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरनं तो मॅनियाच्या, म्हणजे उधळलेल्या अवस्थेतल्या, दहा रुग्णांना देऊन पाहिला आणि लेख छापला. तेव्हापासून हे औषध वापरात आहे. मूळ स्वभाव मारणारं असतं तर पाऊणशे वर्षांत कोणीतरी ओरडलं असतं. उलट ते एकदम थांबवलं की आजार उसळून येतो आणि बहुतेकदा मॅनियाच्याच रूपात येतो, हे अनेक ठिकाणी नोंदलं गेलंय. माझ्याकडे त्याची नोंद कूलरच्या टाकीत होती.

मेसेजमध्ये पाचव्या मुद्द्याखाली ‘गोळ्यांची सवय लागते’ असंही होतं. यात अर्धं खरं आहे, आणि ते मला कबूल करावं लागतं, कारण ते माझ्याच काउंटरवर दिसतं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांची सवय लागते. म्हणूनच २०१४ पासून अल्प्राझोलामसारख्या काही गोळ्या एच-१ यादीत आल्या, त्या विकल्या की रजिस्टरला डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव लिहावं लागतं. तरी लोक येतात आणि ‘मागच्या टायमाची चिठ्ठी हाय की’ म्हणतात. पण लिथियमची सवय लागत नाही, डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांची तशी तलफ लागत नाही. बीपीच्या गोळीला कोणी व्यसन म्हणत नाही, ती पण रोजच घेतात. (डिप्रेशनच्या गोळ्याही एकदम सोडू नयेत, चक्कर आणि बेचैनी येते, त्या हळूहळू कमी करतात. आणि बायपोलरवाल्यानं नुसती डिप्रेशनची गोळी जुन्या चिठ्ठीवर घेऊ नये, त्यानं मॅनिया भडकू शकतो. हे मेसेजमध्ये असतं तर मीच पुढे पाठवला असता.)

आणि बहीण ‘लाकूड झालेय’ म्हणाली त्यातही तथ्य आहे, ते झटकून टाकता येत नाही. लिथियमनं हात थरथरतात, तहान लागते, वजन वाढतं, थायरॉइड मंदावू शकतं. काहींना मन बोथट झाल्यासारखं वाटतं. पण त्यावर उपाय म्हणजे डॉक्टरला सांगून डोस बघणं. रक्तातली लिथियमची लेव्हल साधारण ०.६ ते १.० या पट्ट्यात ठेवतात, वर गेली तर विषारी. आपल्या भागात हे जास्तच जपावं लागतं. मे महिन्यात परभणीचा पारा त्रेचाळीसच्या वर गेला, घाम गेला, पाणी कमी पडलं की लेव्हल चढते. कंबर दुखली म्हणून डायक्लोफेनॅक नाहीतर आयबुप्रोफेन चार दिवस घेतलं तरी चढते. चालताना तोल जाणं, जुलाब, हात जोरात थरथरणं सुरू झालं तर थांबून रक्त तपासायचं. लिथियमवाल्या माणसाला दुखीची गोळी देताना मी दोनदा विचारतो, तुम्हीही विचारा.

आता या सगळ्या मेसेजचं मूळ. तो आजाराच्या काळातला माणूस बघतो आणि म्हणतो, हा याचा स्वभाव. हीच चूक डॉक्टर लोकही करत होते, म्हणून त्यांनी ती तपासून बघितली. १९८३ साली अमेरिकेत रॉबर्ट हिर्शफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिप्रेशनच्या रुग्णांना स्वभावाच्या प्रश्नावल्या दिल्या, एकदा आजारात असताना आणि एकदा वर्षानं. जे बरे झाले त्यांची उत्तरं बदलली होती. आजारात असताना ते स्वतःला मनानं कमजोर, दुसऱ्यावर अवलंबून, लोकांत न मिसळणारे असं लिहीत होते. बरे झाल्यावर तेच लोक तसं लिहीत नव्हते. जे बरे झाले नव्हते त्यांच्यात असा बदल दिसला नाही. मात्र कडकपणा, कामाचा वेग, स्वतःशी विचार करत बसायची सवय यांची उत्तरं आजारातही तीच आणि नंतरही तीच.

हे मी आमच्या डॉक्टरांकडून ऐकलं आणि मग शोधून वाचलं. मामांना सांगायचं झालं तर असं: ताप चढलेल्या माणसाच्या कपाळाला हात लावून ‘हा गरम डोक्याचा आहे’ म्हणू नका.

याच्या उलट बाजूचंही सांगतो, नाहीतर म्हणाल बहिणीची बाजू घेतो. स्वभावाचा संबंध अगदीच नाही असं नाही. २०१० मध्ये रोमन कोटोव्ह आणि सहकाऱ्यांनी १७५ अभ्यास एकत्र करून बघितले. डिप्रेशन, चिंता, व्यसन या सगळ्यांत एक गोष्ट वर होती, तिला न्यूरॉटिसिझम म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर लागट, हळवा, पटकन काळजीत पडणारा स्वभाव. तर हो, असा स्वभाव असेल तर धोका जास्त. पण असे हळवे लोक प्रत्येक वाड्यात चार असतात आणि त्यातले बरेच आयुष्यभर आजारी पडत नाहीत. आमची आई तशीच होती. चहात साखर कमी पडली का, यावर तिची रात्र जायची. डिप्रेशन तिला कधी झालं नाही.

आळशीपणाच्या पहिल्या मुद्द्यावर मला खरं तर संताप येतो, आणि तो मराठवाड्यात फिरावा याचा जास्त येतो. कष्टाळूला डिप्रेशन होत नाही? आमच्या आठ जिल्ह्यांत आणि विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत मिळून चौदा ठिकाणी सरकारला शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ काढावा लागला, तो आळशी लोकांसाठी होता काय? दुकानात एक शेतकरी येतात, पन्नाशीचे, कपाशी आणि सोयाबीन. दोन महिने ते अंगदुखीची, ॲसिडिटीची, झोपेची गोळी मागत होते. “अंग ठणकायलंय, भूक मेली, पहाटं दोनला डोळा उघडतो ते उघडतो.” ‘मन उदास आहे’ असं वाक्य त्यांनी एकदाही म्हटलं नाही. आपल्याकडे डिप्रेशन असंच येतं, कंबर आणि पोट धरून. मी त्यांना घाटीचं, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्याचं, नाव काढलं तर ‘मी येडा हाय का’ म्हणाले. मग १४४१६ लावून दिला. तो टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, फुकट, मराठीत बोलतात. दुकानाच्या मागच्या बाकावर बसून पंधरा मिनिटं बोलले.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात साधारण वीस माणसांत एकाला आयुष्यात कधीतरी डिप्रेशन होतं, आणि ज्यांना होतं त्यातल्या दहापैकी आठांहून जास्त लोकांना उपचार मिळतच नाहीत. त्या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आमचे आकडे त्यात नाहीत, आमची माणसं काउंटरवर येतात. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीला. मराठवाड्यात त्यातलं एकही नाही. पण गोळ्या लिहून द्यायला मनोरुग्णालय लागत नाही. घाटीत, अंबाजोगाईला, नांदेडला, लातूरला सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचाराची ओपीडी आहे.

दुतोंडी. सकाळी एक आणि संध्याकाळी एक बोलणारी माणसं मला रोज भेटतात, त्यातली बरीच उधारीवाली आहेत, बायपोलर कोणी नाही. मॅनिया म्हणायला लक्षणं किमान आठवडाभर टिकावी लागतात, डिप्रेशन म्हणायला दोन आठवडे. मधे कित्येक महिने माणूस तुमच्याआमच्यासारखा असतो. आणि ‘बायपोलर म्हणजे सदा उधळलेला’ हेही चूक. बायपोलरच्या १४६ रुग्णांवर जवळजवळ तेरा वर्षं लक्ष ठेवलेला एक अभ्यास आहे, त्यात उधळलेल्या दिवसांपेक्षा उदासीचे दिवस तिपटीहून जास्त होते. बहिणीचेही तसेच. कुरडया गल्लीला दिसल्या, २०१९ सालचे अंथरुणातले चार महिने कोणाला दिसले नाहीत.

कलाकार असतात, हा मुद्दा ऐकायला गोड आहे. थोडा खराही आहे, घ्या. स्वीडनमध्ये सुमारे तीन लाख रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तर बायपोलर असलेले लोक कलेच्या आणि तशा सर्जनशील व्यवसायांत थोडे जास्त सापडले. गंमत म्हणजे त्यांची निरोगी भावंडंही जास्त सापडली. म्हणजे मलाही कविता सुचायला हवी होती. साध्या डिप्रेशनवाल्यांत तसं काही दिसलं नाही. पण आजारपणाला प्रतिभा म्हणून मिरवायला लागलो की माणूस गोळी टाकून देतो, तेव्हा हा गोड मुद्दा पाचव्याचाच भाऊ आहे.

अंगावर येतात, हे एका ओळीत: तेही स्वीडनमध्येच तपासलंय, हिंसेचा वाढीव धोका मुख्यतः दारू-नशा सोबत असलेल्यांत दिसतो. मग मेसेज दारूवर काढा, हवेतर मी पण पाठवतो.

आता सोयरीक. रक्तातून येतं का? काही प्रमाणात येतं. आई किंवा वडील यांपैकी एकाला बायपोलर असेल तर मुलाला तो व्हायची शक्यता साधारण शंभरात पाच ते दहा. उरलेल्या नव्वदांचं काय? आमच्याकडे शुगर नसलेलं घराणं सापडणं मुश्कील, तरी पाहुणे बैठकीत एचबीएवनसीचा रिपोर्ट मागत नाहीत. लपवून लग्न करू नये, हे मात्र मी ठामपणे म्हणतो. बहिणीच्या वेळी आम्ही दाजींना आधी सांगितलं. गोळ्यांचा डबा समोर ठेवून सांगितलं. ते म्हणाले, “सकाळची कधी आणि रात्रीची कधी, तेवढं लिहून द्या.” दोन सोयरिका त्याआधी मोडल्या होत्या, हेही खरं. आणि कायद्याचा धाक दाखवणाऱ्यांसाठी: हिंदू विवाह कायद्यात नुसतं आजाराचं नाव पुरत नाही, आजार कोणत्या प्रकारचा आणि किती, हे बघावं लागतं. सुप्रीम कोर्टानं १९८८ मध्येच राम नारायण गुप्ता प्रकरणात हे सांगितलंय, आणि तिथं आजार स्किझोफ्रेनिया सांगितला होता.

लग्नानं सुधारतो, यावर काय बोलायचं. लग्नानं कोणाचा स्वभाव सुधारलेला तुम्ही पाहिलाय?

अमावास्येबद्दल मी काही लिहिणार नाही. त्या दिवशी माझं दुकान उघडं असतं.

बहिणीला त्याच दुपारी डॉक्टरांकडे नेलं. यायला तयार नव्हती, कर्जाचे कागद घेऊन चालली होती बँकेत. दाजींनी तिचं ऐकत ऐकत गाडीत बसवलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पहिले काही दिवस झोपेसाठी सोबत दुसरी एक. चौथ्या रात्री सलग सहा तास झोपली. गहू बरेचसे गुरांना घातले, जे वाचले त्यांचा चीक शिजवला. आठवड्यानं ती गच्चीवर बसून कुरडया उलटवत होती आणि सासूबाईंना विचारत होती, एवढे गहू आणले कोणी, भाव काय लावला.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं होतं. मामांनी अंगठा टाकला आणि खाली लिहिलं, “लई लांब लिवलंस, थोडक्यात टाक.” मी थोडक्यात टाकलं: “बुधवारी सकाळी आठला तिचं लेव्हलचं रक्त द्यायचंय. रात्रीच्या गोळीनंतर बारा तास होतात, सकाळची त्याआधी घ्यायची नाही. दाजी ड्युटीवर आहेत. गाडी घेऊन या.”

पावणेआठलाच आले. येताना पिशवीभर गुळवेल आणला होता. तो माझ्या काउंटरखाली आहे.